खाली लटकणारं की वर बसणारं?

मामाच्या होडीत दोनच माणसं बसतात. त्यातला एक मामा. दुसरी जागा दर वर्षी बाबांना मिळते, कारण बाबा ती मागतात आणि मी मागत नाही. मला माणसांशी बोलायची लाज वाटते. वस्तूंची मला अजिबात लाज वाटत नाही, पण होडीतली जागा वस्तूंकडे मागता येत नाही.

यंदा मात्र मी मामाला सरळ विचारलं. (म्हणजे आईच्या कानात सांगितलं आणि आईने विचारलं.) मामा गॅरेजमधून तसाच आला होता. हात पुसत म्हणाला, "मौनीबाबांना मासे पकडायचेत? बघू की. शनिवारी घरातच स्पर्धा लावू. जो दोरीला बांधलेलं शिसं बादलीत टाकेल, तो रविवारी माझ्याबरोबर."

"पोरीशी स्पर्धा?" बाबा हसले. "रडेल बिचारी."

मी रडणार नव्हते. वाचनालयातून आणलेलं मासेमारीचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. बाबांनी त्याचं मुखपृष्ठ पाहिलं होतं.

मग आई-बाबांबरोबर मी गळाच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर दोन रिळं ठेवली. "हे स्पिनिंग. काठीखाली लटकतं. ही तारेची कडी उघडायची, फेकायचं, दोरी आपोआप सुटते. नवशिक्यांना हेच बरं. आणि हे बेटकास्टिंग. काठीवर बसतं. यात फेकताना आतलं चाक गरगर फिरतं, म्हणून अंगठा चाकावर हवा. शिसं थांबलं आणि चाक फिरतच राहिलं, तर असा गुंता होतो की देव आठवतो. पण नेम याचाच. आणि मोठा मासा लागला तर ओढणारही हेच."

"समोरचा थांबला तरी याचं चालूच," आई बाबांकडे बघत म्हणाली. "हे तर आपल्याकडे आहे."

बाबांनी निमूटपणे स्पिनिंग उचललं. मी बेटकास्टिंगवर बोट ठेवलं.

"ताई, आधी वापरलंय का?"

मी होकारार्थी मान हलवली. ('नाही' म्हटलं की पुढे बोलावं लागतं. 'हो'वर विषय संपतो.)

"ब्रेक कसा लावायचा माहीत आहे ना?"

पुन्हा मान हलवली. हे अगदीच खोटं नव्हतं, पुस्तकात आकृती होती.

शनिवारी संध्याकाळी मामाने बादली आमच्या दाराबाहेर, लिफ्टसमोर ठेवली. आम्ही गॅलरीपाशी उभं राहून सगळ्या पॅसेजमधून नेम धरायचा होता. गळ लावायचे नाहीत, नुसतं शिसं, हा आईचा हुकूम. तो देऊन ती भाजी आणायला गेली. मामा पंच म्हणून चपलांच्या कपाटावर बसला. प्रत्येकाला तीन संधी.

बाबांचं पहिलं शिसं मामाच्या बुटात पडलं. दुसरं झुंबरावर जाऊन बसलं आणि स्टूल आणून उतरवावं लागलं. तिसऱ्या वेळी बाबा कडी उघडायलाच विसरले. त्यामुळे शिसं जोरात निघालं, दोरीला हिसका बसला आणि ते आल्या वाटेने परत येऊन बाबांच्या चष्म्यावर आपटलं.

"काचेचा दोष आहे," बाबा म्हणाले. कुठल्या काचेचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं पहिलं शिसं बादलीच्या वीतभर अलीकडे पडलं. दुसरं बादलीच्या काठावर ठणकन वाजलं. मामा उठून उभा राहिला. "अरे, मौनीबाबा तर पोचलेले निघाले."

होडीतली जागा मला आता स्पष्ट दिसत होती. थोडंसंच कमी पडत होतं, म्हणून मी ब्रेक जरा सैल केला. मग आणखी जरा. अंगठा चाकावर ठेवला, श्वास रोखला आणि फेकलं.

त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं आणि आई बाहेर आली.

शिसं बादलीवरून गेलं, आईच्या कानाजवळून गेलं आणि लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या उघड्या बॅगेत पडून आतल्या सामानात अडकलं. दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली.

मी दचकले आणि अंगठा उचलला. चाक वेड्यासारखं फिरलं, दोरीचं घरटं झालं आणि सगळं जाम. आता दोरी सुटेना, आणि लिफ्ट तर चाललेली. काठी मला ओढायला लागली. मी काठी सोडली नाही. (आत्मविश्वास म्हणतात तो हाच असावा.) काठीमागे मी, माझी कंबर धरून बाबा, अशी आमची वरात पॅसेजमधून निघाली.

"मोठा लागलाय," बाबा ओरडले. "ढील दे, ढील."

"अहो, ते पाचव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आहेत," आई म्हणाली.

काठीचं टोक लिफ्टच्या दाराला टेकलं तेव्हा सुदैवाने पाचवा मजला आला होता. वरून दोन हिसके बसले. डॉक्टर बॅग ओढत असावेत. मीही दोन हिसके दिले. पुस्तकात तसंच होतं. मग दोरी एकदम सैल पडली आणि मी ती हातानेच भराभर ओढून घ्यायला लागले.

"दमला," बाबा कुजबुजले.

दमले नव्हते. लिफ्टने खाली येत होते. दार उघडलं तेव्हा डॉक्टर बॅग पोटाशी धरून उभे होते आणि दोरी त्यांच्या कोपराला वेढा घालून माझ्यापर्यंत आली होती.

मला हे डॉक्टर आवडतात. ते तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारतात, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. आज माझं तोंड मोकळं होतं.

"सॉरी काका," मी म्हणाले. आठवड्यातलं माझं हे सर्वांत लांब भाषण होतं.

डॉक्टरांनी रिळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "बेटकास्टिंग? कॉलेजात मी हेच वापरायचो." ते खाली बसले, बॅगेतून दात कोरायचं टोकदार हत्यार काढलं आणि एकेक वेढा अलगद सोडवत गेले. मामा त्यांच्याशेजारी मांडी घालून बसला. खाली लटकणारं बरं की वर बसणारं, यावर दोघांची अशी जुंपली की आईने भाजी निवडून घेतली.

"एकदा टाकून बघू का?" डॉक्टरांनी विचारलं.

ते गॅलरीपाशी गेले. ब्रेक घट्ट केला, अंगठा टेकवला, मनगट हलवलं. बादलीत टप्प असा आवाज झाला.

मामाने आधी बादलीकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी छताकडे पाहिलं. "जो टाकेल तो, असं म्हणालो होतो मी," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर, उद्या काय करताय?"

"काहीच नाही. बेटा, रीळ उद्यापुरतं देशील?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी सवयीने आत डोकावलं आणि म्हणाले, "वा, दाढेतलं सिमेंट छान बसलं आहे." आणि रीळ घेऊन गेले.

रविवारी सकाळी मी आणि बाबा गॅलरीतून खाली बघत होतो. गाडीच्या टपावर होडी बांधलेली, मामाच्या शेजारी डॉक्टर आणि त्यांच्या मांडीवर माझं रीळ.

"काही म्हण," बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढा मोठा मासा आपल्या घराण्यात आजवर कुणी ओढला नव्हता."

मला फार बरं वाटलं. मग गाडी वळली, आणि माझ्या लक्षात आलं की मासा होडीबरोबर निघालाय आणि कोळीण गॅलरीत उभी राहून त्याला टाटा करते आहे.