सासऱ्यांना सांख्यिकी शिकवताना

माझे सासरे दादाराव सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला येणार म्हटल्यावर त्यांना कंटाळा येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. (माझ्या बहुतेक चुका कुणी न सांगताच झालेल्या आहेत.)

ऑफिसला जाता-येता हायवेवर मी स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्सचे पॉडकास्ट ऐकतो. ऐकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण मी 'ॲक्च्युअली' म्हटलं की बायको, मोनाली, मिक्सर सुरू करते, आणि मुलगी मैत्री फोनमधून मान वर न काढता म्हणते, "डॅड, नोबडी आस्क्ड." सासऱ्यांना मात्र सुटका नव्हती. ते गाडी चालवत नाहीत, आणि आमच्या सबडिव्हिजनमधून, म्हणजे गावाबाहेरच्या बंगल्यांच्या वसाहतीतून, पायी जाऊन पोचावं असं काहीही नाही.

मी अकरा पॉडकास्टची यादी केली, 'जिज्ञासू श्रोत्यांसाठी' असं वर लिहिलं आणि सगळे त्यांच्या फोनमध्ये घालून दिले. इंग्रजी समजायला सोपं जावं म्हणून स्पीड पाऊणपट केला. रोज जेवताना उजळणी घ्यायचो. एकदा तर ताटात पोळ्या मांडून सरासरी आणि मध्यक समजावले.

"हो का," दादाराव म्हणायचे आणि त्यातली एक पोळी खायचे.

तिसऱ्या रविवारी रवी आणि त्याची बायको सुनेत्रा दुपारी जेवायला आले. रवी माझ्याच ऑफिसात आहे, त्यामुळे त्याच्यासमोर माझा आवाज जरा चढतो.

"बाबा, परवाच्या एपिसोडमध्ये सर्व्हे होता ना," मी म्हणालो, "त्यात सगळ्यांना विचारत नाहीत, थोड्यांनाच विचारतात. पण त्यातलेही काही उत्तर देत नाहीत. त्याला नॉन-रिस्पॉन्स म्हणतात. म्हणजे विचारणारा गेला तेव्हा ते लोक घरी नसतात."

दादारावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"घरी असतात," ते म्हणाले. "आडनाव विचारतात. मग घरी नसतात."

रवीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काका, तुम्ही सर्व्हेच्या कामात होता?"

"तेहतीस वर्षं. सांख्यिकी कार्यालयात. पहिली दहा वर्षं गावोगाव फिरून." ते शांतपणे सांगत होते. "एका गावी मी चार दिवस गेलो. नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग दार लागायचं. उत्तर का मिळालं नाही, त्याचे फॉर्मवर रकाने होते. आजारी, कुलूप, परगावी. आमच्या कारणाला रकाना नव्हता. मी परगावी लिहीत गेलो. अख्खं गाव परगावी."

मी हसलो. मला वाटलं, विनोद संपला. टेबलावर मी एकटाच हसत होतो.

"आजोबा, दॅट्स नॉट फनी," मैत्री म्हणाली.

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तिला भात वाढला.

पुढचे दोन तास रवी त्यांना प्रश्न विचारत होता. सुनेत्राने तर वही मागितली. मी चहा केला, मग आणखी एकदा केला. माझ्या आजोबांनाही अशीच दारं लागली असणार. मी ते कधी विचारलं नव्हतं. पॉडकास्टवाल्याचा शब्द मात्र मला पाठ होता.

पाहुणे गेल्यावर मोनाली सिंकपाशी उभी होती.

"चौदा वर्षं जावई आहेस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"सरकारी नोकरीत होते एवढं मला माहीत होतं."

"सरकारी नोकरीत पोस्टमनही असतो, प्रफुल्ल."

"मी पोळ्या मांडून शिकवत होतो तेव्हा सांगायचंस ना."

"सांगणार होते. बाबाच नको म्हणाले. म्हणाले, बोलू दे त्यांना, घरात त्यांचं ऐकतं कोण."

संध्याकाळी घरामागच्या पॅटिओवर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती. मी सुरुवात करण्याआधी त्यांनीच विचारलं, "प्रफुल्लराव, एक राहून गेलं बघा. तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता?"

मी सांगितलं. ॲपमधलं बटण निळं ठेवलं तर लोक जास्त दाबतात की हिरवं ठेवलं तर, हे आमची टीम लाखो लोकांवर तपासते.

"मग कोणतं निघालं?"

"अजून नक्की नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "होईल," ते म्हणाले. दहावीला तिसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाला म्हणतात तसं.