अतिथीच्या हातचा रंधा

सत्कारांच्या चौथ्या दिवशी प्रातःकाळी ब्रदर योहानस एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात रंधा घेऊन, पावलांचा आवाज होऊ न देता, नारायण पेठेतील आपल्या यजमानीण नीरजाबाई साळवे यांच्या दिवाणखान्यातून दाराकडे निघाले होते.

"कुठे निघालात, ब्रदर?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"मी वारज्यास प्रस्थान करीत आहे. परिश्रमार्थ."

"पोहे झालेत. अकराला सत्कार आहे तुमचा. बूट ठेवा खाली."

योहानस यांनी बूट खाली ठेवले. क्षणभराने रंधाही ठेवला.

योहानस हे नॉर्वेतील एका लहान गावचे सुतार. वय त्रेसष्ट. तेथील ख्रिस्ती मंडळीने दहा दिवसांच्या सेवाकार्यासाठी त्यांना पुण्यास धाडले होते. वास्तविक येणार होते ते दोघे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी इंग्रिड यांनी चार हिवाळे एका जुन्या व्याकरणग्रंथावरून मराठीचा अभ्यास केला होता. पाचव्या हिवाळ्यात इंग्रिड प्रभूच्या घरी गेल्या. वारज्याच्या नव्या प्रार्थनामंदिरात मुले फरशीवर बसतात, हे दोघांना ठाऊक होते. त्या मुलांसाठी निदान एक बाक मी माझ्या हातांनी करीन, असे वचन योहानस यांनी इंग्रिड यांना त्यांच्या अखेरच्या दिवसांत दिले होते. त्या वचनासाठी अकरा किलो हत्यारे सात समुद्र ओलांडून आली होती.

परंतु आधी सत्कार आणि मग काम, हा येथील क्रम त्या व्याकरणग्रंथात नव्हता. पहिल्याच दिवशी पुण्याच्या मंडळीचे सेक्रेटरी हिंमतराव थोरात यांनी त्यांना शाल पांघरली, श्रीफळ दिले आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली. योहानस यांनी इंग्रजीत आभार मानून खाली बसावयास हवे होते. ते शुद्ध मराठीत बारा मिनिटे बोलले. हाच त्यांचा प्रमाद. श्रोत्यांत हडपसरच्या मंडळीचे एक वडीलधारे होते. त्यांनी तेथेच तारीख घेतली. हडपसरला एक मुख्याध्यापिका भेटल्या. त्यांच्या शाळेत ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष भेटले. प्रत्येक सत्काराच्या पोटी दोन सत्कार जन्म घेत होते. ऐन चैत्राच्या उन्हात योहानस यांच्या खोलीत सात लोकरी शाली जमल्या.

त्या चौथ्या दिवशी अकराचा सत्कार आटोपताच त्यांनी हिंमतरावांना गाठले.

"सत्कार पुरे झाले. मला कृपया लाकूड द्यावे."

"देणार ना. पण पाहुण्यांनी घाम गाळायचा आणि आम्ही खुर्चीत बसून बघायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील की बाक झाले."

हिंमतराव या उत्तराने सद्गदित झाले. "बाकांची एवढी चिंता लागलीये तुम्हाला. ती आता आमच्यावर सोडा."

ती त्यांनी खरोखरच स्वतःवर घेतली. दोन दिवसांनी योहानस एका सत्कारातून निसटून, रिक्षाने वारज्यास पोहोचले, तेव्हा प्रार्थनामंदिराच्या अंगणात हडपसरचा भैरू सुतार काम करीत होता. दोन बाक तयार होते. तिसऱ्याचे पाय बसत होते.

"बंधो," योहानस म्हणाले, "मला एखादा पाय तरी तासू द्यावा."

"नगं, सायेब. सेक्रेटरींनी बजावलंय, पाव्हण्याला खरचटलं तर तुझं काम गेलं. तुम्ही बसा, च्या सांगतो." भैरूने खुर्ची आणून दिली, हाताने झटकूनही दिली. योहानस तिच्यावर बसले आणि आपला बाक दुसऱ्याच्या हातांनी होताना संध्याकाळपर्यंत पाहत राहिले.

मायदेशीच्या मंडळीला दररोज सेवाकार्याचा वृत्तान्त कळवावयाचा होता. त्यात ते शाली आणि पोहे यांपलीकडे काय लिहिणार? तिकडून उत्तर येई, "बाकांचे छायाचित्र कधी पाठवता?"

दहाव्या दिवशी निरोपसमारंभ झाला. भैरूच्या घरी लग्न निघाल्याने ठरलेल्या सहांपैकी शेवटचा बाक करायचा राहिला होता. पण पाच बाक ओळीने मांडले होते आणि त्यांच्या मागे फलक होता. 'ब्रदर योहानस यांच्या अथक परिश्रमांतून साकार.'

योहानस उठून ध्वनिक्षेपकाशी गेले. "हे असत्य आहे," ते म्हणाले. "मी काहीही केलेले नाही. एक खिळाही मी ठोकलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"केवढी ही नम्रता," हिंमतराव डोळे टिपत म्हणाले आणि त्यांनी एकविसावी शाल पांघरली.

दुपारी योहानस बांधलेल्या सामानाशेजारी बसून होते. नीरजाबाईंनी चहा आणला, तो त्यांनी प्रथमच नाकारला.

"मी इंग्रिडला काय सांगू?" त्यांनी विचारले. नीरजाबाईंनी कप झाकून त्यांच्या शेजारी ठेवला.

तेवढ्यात विमान कंपनीचा निरोप आला. उड्डाण रद्द झाले होते. पुढचे तीन दिवसांनी.

नीरजाबाईंनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे नव्हते. टेबलावर ब्रेड होता आणि सुरी शेजारी ठेवलेली होती.

"घ्या कापून. आणि उठलाच आहात तर कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणा. पिशवी दारामागे आहे."

योहानस दूध घेऊन आले. मग बूट घालून, हत्यारांची पेटी उचलून, ते उघडपणे वारज्यास निघाले. त्यांना कोणीही अडवले नाही.

अंगणात हिंमतराव स्वतः मंडपाच्या खुर्च्या रचत होते. "तुम्ही?" ते म्हणाले. "तुमचा निरोप झाला ना काल?"

"विमान रद्द झाले."

हिंमतरावांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. निरोप झाल्यानंतरही राहिलेल्या अतिथीविषयी त्यांच्यापाशी कोणताही नियम नव्हता. शालीही संपल्या होत्या.

"मग नुसते उभे काय राहता? भैरू रात्रीच्या लग्नातून उठून आलाय बिचारा. फळीचं ते टोक धरा."

योहानस यांनी टोक धरले. नंतर पायही तासले. मग गुडघे टेकून, चाळीस वर्षांच्या सवयीने, बसायच्या फळीवर रंधा मारू लागले. लाकडाच्या कुरळ्या ढलप्या त्यांच्या पायांशी साचू लागल्या. तीन तासांनी हिंमतराव आले, फळीवरून हात फिरवला आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? या बाजूला उंचवटा आहे. सुतार ना तुम्ही?"

"क्षमा असावी."

"क्षमा राहू द्या. पुन्हा मारा रंधा."

फळी निर्दोष समतल होती, हे योहानस जाणत होते. भैरूही जाणत होता. तो दुसरीकडे पाहू लागला. "अवश्य," योहानस म्हणाले, आणि त्यांनी रंधा पुन्हा उचलला. त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या होत्या, त्या त्यांनी पुसल्या नाहीत.

हिंमतराव जाता जाता थांबले.

"आणि फळीवर पाणी सांडू नका. लाकूड फुगतं."