तुम्ही आधी जा

दिवसातून थोडा वेळ कुठेतरी गप्प बसायचं, एवढंच मी ठरवलं होतं. ऑफिसात ते शक्य नाही. (मी हेडक्लार्क आहे, म्हणजे हाताखालच्यांच्या चुका माझ्या आणि साहेबांच्याही माझ्याच.) घरी तर मी बूट काढायच्या आत आई चष्मा शोधायला लावते, मुलगी गणित घेऊन येते आणि बायको म्हणते, "बसलाच आहात तर गॅस सिलिंडरचं बघा ना." मी तेव्हा एका पायावर उभा असतो.

अशात एकदा मुलीच्या दातांना तार बसवायला डॉक्टरांकडे गेलो. ती आत गेली, मी बाहेर टेकलो आणि मला एकदम साक्षात्कार झाला. मऊ खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हतं! ज्याचा त्याचा गाल ज्याच्या त्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच तिथे गेलो. नुसतं बसता येत नाही म्हणून काउंटरवरच्या बाईंकडून नंबर घेतला आणि गालावर हात ठेवून डोळे मिटले.

पण शांतता कसली? आतलं दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं. नंबर जवळ आला की मी शेजारच्याला म्हणायचो, "तुम्ही आधी जा." तो कृतज्ञतेने आत जायचा आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघायचो. गर्दी ओसरायच्या आत हळूच सटकायचं. आठवडाभर मी अशी शांतता उपभोगली. त्यात ब्लडप्रेशर वाढलं असणार, पण ते मोजणारे डॉक्टर वेगळे.

मग एके दिवशी बाहेर मी आणि एक आजी, एवढेच उरलो. 

"आजी, तुम्ही आधी जा."

"मी कशाला जाऊ? मी डॉक्टरांची आई. त्याचा डबा घेऊन आलेय."

मी पिशवी उचलली, तोच डॉक्टर स्वतः बाहेर आले. काउंटरवरच्या बाईंचा आवाज भरून आला होता. "डॉक्टर, हेच ते. रोज येतात आणि रोज आपला नंबर दुसऱ्याला देतात. एवढा सोशिक माणूस मी पाहिला नाही."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, भीती वाटते का?"

"नाही हो, मी आपला सहज आलो होतो."

"इथे सहज कोणी येत नाही," असं म्हणून त्यांनी मला आत नेलं. माझी पिशवी आजींनी धरली. आता काय सांगणार होतो? तुमचा पंखा आवडतो म्हणून?

डॉक्टरांनी तोंडात दिवा मारला. "अरे बापरे! मागची दाढ पार पोखरलीय. कसं सहन केलंत हो?"

खरं सांगतो, तोवर मला काहीही होत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि ठणका सुरू झाला.

दाढ काढून झाल्यावर तोंडात कापसाचा बोळा आणि "आज अजिबात बोलायचं नाही" असा हुकूम घेऊन घरी आलो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं दुखत होतं, तर सांगायचं नाही का?" तिने पाठीशी उशी लावून दिली. मलाही भरून आलं.

आणि काय सांगू, घर शांत झालं! आई विणत होती, मुलगी मुकाट्याने गणितं सोडवत होती, बायको मासिक चाळत होती. कोणी मला हाक मारली नाही. जिच्यासाठी मी जिवावर उदार होऊन दवाखान्यात बसत होतो, ती शांतता घरातच मिळाली होती. मी डोळे मिटले.

"आई," बायको हळू आवाजात म्हणाली, "आज घरात किती शांत वाटतंय, नाही?"

"वाटणारच," आई म्हणाली. "हा बोलत नाहीये ना."

बायकोने मासिक मिटलं आणि मायेने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पुढच्या वेळी गेलात की डॉक्टरांना विचारून या ना, अजून किती काढता येतील ते."