पाच जागांचा सर्व्हर

राजकन्येचा बी.ए.चा परीक्षा फॉर्म भरायची मुदत आज पाचला संपत होती, आणि ऑपरेटर हनुमंतला सर्व्हरवर शिरायला जागा नव्हती. लग्नात सुटलेलं शिक्षण तिने बारा वर्षांनी धरलं होतं. आजची मजुरी बुडवून ती गावाहून अहमदपूरच्या कॉलेजात आली होती आणि दुपारपासून नुसती बसून होती.

संस्थेचा सर्व्हर नांदेडला. सगळ्या कॉलेजांतून मिळून एका वेळी पाच जणांनीच आत यायचं. पण एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी ही माणसं! सकाळी लॉगिन करायचं आणि खुशाल बारशाला निघून जायचं. लॉगऑफ करायला यांचे हात झिजतात की काय?

हनुमंतने बाहेरूनच, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाकली. आतल्या पाच जणांची यादी आली. तिसरे जळकोटचे हेडक्लार्क श्रीमंतराव, चार दिवस हालचाल नाही.

"चार दिवस! माणूस हाय का फोटो?" म्हणत त्याने लॉगऑफ तीन असं टाइप करून त्यांना बाहेर काढलं. तो स्वतःचा पासवर्ड टाकेपर्यंत त्या जागेवर इस्लापूरच्या सिंधुताई चढल्या. त्यांची एक जागा आधीच होती!

त्याने फोन लावला. "ताई, दोन दोन जागा कशाला?"

"दुसरी शिल्पाबाईंसाठी धरली. त्या येऊन राहिल्या."

हनुमंतचं डोकं फिरलं. त्याने त्या कमांडचा फोटो काढून कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. 'रिकामी जागा अडवणाऱ्याला असं हाकललं जाईल!' सिंधुताईंची दुसरी जागा त्याने मोकळी केली आणि एकदाचा आत शिरला.

आता गंमत अशी, की या संस्थेत ॲडमिनचे अधिकार सगळ्यांनाच होते. एकाला दिले तेव्हा दुसरा रुसला होता, म्हणून नांदेडच्या संगप्पा साहेबांनी सरसकट वाटून टाकले होते. फक्त कमांड कुणाला ठाऊक नव्हती. ती आज हनुमंतने फोटोसकट शिकवली.

श्रीमंतरावांनी सिंधुताईंना काढून स्वतःची जागा परत घेतली. सिंधुताईंनी श्रीमंतरावांना आणि आणखी दोघांना काढलं. राजकन्येच्या फॉर्मचा शेवटचा रकाना भरताना कुणीतरी हनुमंतलाही काढलं. ग्रुपकॉलवर सगळे एकदम ओरडू लागले.

"मला उठवलं कुणी?" श्रीमंतराव गरजले.

"मी उठवलं!" सिंधुताई म्हणाल्या. "चार दिवस तिथं तुम्ही करून काय राहिले?"

"काही न्हाई. पण जागा माझी हाय ना!"

पाचला दहा मिनिटं उरली. राजकन्या उठून उभी राहिली.

"सर, भांडण मागून करा की! आत कोण हाय ते बघा आधी."

हनुमंतने यादी काढली. आत कुणीच नव्हतं. एकमेकांना बाहेर काढून सगळे फोनवर भांडत होते! तो घाईघाईने आत शिरला, फॉर्म पुन्हा भरला आणि पाचला तीन मिनिटं कमी असताना तो जमा झाला. राजकन्येने पावती तीनदा वाचली, मगच पिशवीत ठेवली.

तेवढ्यात नांदेडहून संगप्पा साहेबांचा फोन आला.

"हनुमंत, सर्व्हर बघून राहिलो. शेवटच्या दिवशी, ऐन पाचच्या टायमाला, आत तू एकटा! लई जागा वाया चालल्यात. उद्यापासून दोनच ठेवतो."