लाखेनं बंद केलेलं पेन

चिंचवडच्या तात्या खरादींनी मला त्यांचं पेन दिलं, तेव्हा माझ्या सदऱ्याचा खिसा टर्रकन फाटला. पेन काळ्या दगडाचं होतं. तात्यांनी ते जमिनीवरून उचललं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "खिसा कच्चा हाय तुमचा, भाऊसाहेब." वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "हलकं ते उडतं!"

तात्यांचा पिढीजात धंदा पाळणे, लाटणी आणि खाटेचे खूर कातण्याचा. बायको गेली आणि या गृहस्थांनी पेनं करायला घेतली. म्हशीचं शिंग, नारळाची करवंटी, चिंचेचं मूळ, काही म्हणून त्यांच्या हातून सुटलं नाही. दगडावर तर विशेष जीव. कुरुंदाची पूड आणि पाणी घालत एकेक दगड ते दिवसचे दिवस पोखरत बसत. तात्या येताना दिसले की आळीतल्या बायका पाटा-वरवंटा उचलून आत नेत.

जिभेला तर हाडच नव्हतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात मी कारकून, म्हणून माझ्यावर खास मेहेरबानी. माझं अक्षर पाहून म्हणाले, "मुंग्या मारून ठिवल्यात जणू." विकतच्या पेनाला ते 'काडी' म्हणत आणि ते वापरणाऱ्याला काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरा जाच वेगळाच होता. त्यांच्या पेनात आपल्याला शाई भरता येत नसे. निबाकडचा भाग ते लाखेनं पक्का चिकटवून टाकत. शाई संपली की त्यांच्याकडे जायचं. ते पेन दिव्यावर धरून लाख मऊ करणार, शाई भरणार, पुन्हा लाख लावणार आणि ती थंड होईपर्यंत आपला उद्धार करणार. कंटाळून लोकांनी ती पेनं कोनाड्यात टाकली. शेवटी एक रविवार आड जाणारा गाढव मी एकटाच उरलो.

त्यांचा मुलगा वसंता माझ्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर. मॅट्रिक झालेला, सासऱ्याच्या शब्दावर चिकटलेला, बायकोसह पिंपरीत खोली घेऊन राहणारा. चिंचवड तिथून हाकेच्या अंतरावर. पण आपला बाप खरादी आहे हे सांगायची त्याला लाज वाटे. दिवाळीत मात्र तो पाया पडायला आला, तेव्हा तात्यांनी त्याला एक पेन दिलं. त्यासाठी त्यांनी घरातला वरवंटा फोडला होता. वसंताच्या बारशाला त्याच्या आईनं टोपडं घालून, गोप्या म्हणून पाळण्याखालून फिरवला होता, तोच वरवंटा. आळीतल्या बायका हळहळल्या. तात्या म्हणाले, "वाटायला कोन ऱ्हायलंय आता?"

ते पेन वसंताच्या टेबलावर असे. खिडकीतून वारा आला की कागद उडू नयेत म्हणून. लिहायला खिशात सोनेरी टोपणाचं दुसरं. मला संताप येई, पण बोलणारा मी कोण?

दर खेपेला दिवा पेटवता पेटवता तात्या विचारत, "वसंता लिव्हतो का न्हाई त्या प्यानानं?"

मी म्हणे, "टेबलावरच असतं." यात खोटं काहीच नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावर एका रविवारी माझं डोकं फिरलं. लाख थंड व्हायचं नाव घेईना, आणि तात्यांनी माझ्या अक्षरावरून माझ्या वाडवडिलांपर्यंत मजल मारली होती. मी म्हणालो, "तात्या, अख्खं गाव तुमच्या हाताचं कौतुक करतं, आणि तुम्हाला पेनाला साधे आटे पाडता येत नाहीत?"

तात्या उठले. फळीवरून एक काळं पेन काढलं आणि दोन बोटांनी गर्रकन उघडून माझ्यापुढे धरलं. आत पितळी आटे चमकत होते.

"मग आमचा हा छळ कशाला?"

"वसंताला असं दिलं असतं तर त्यानं घरीच शाई भरली असती. मंग हितं कशाला यील तो?"

"पण बाकीच्यांची पेनं?"

"समद्यांची आट्याची आन् त्याचीच लाखंची? वळखलं असतं त्यानं. शिकल्यालं पोर हाय ते."

एका पोरासाठी या माणसानं सगळ्या गावाला वेठीला धरलं होतं. आणि पोरगा ते पेन कागदांवर ठेवून मोकळा झाला होता. त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

तात्या पेन मिटत म्हणाले, "टेबलावर असतं म्हंता न्हवं? मंग दिवाळीची शाई शिमग्यापत्तोर कशी सरंना, भाऊसाहेब?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझं पेन हातात दिलं. त्या दिवशी 'हलकं ते उडतं' म्हणायचंही ते विसरले.

पुढच्या रविवारी माझ्या पेनात निम्मी शाई शिल्लक होती. ती मी मोरीत झटकून झटकून संपवली आणि तात्यांकडे गेलो.

"इतक्यात सरली?"

"हल्ली लिहिणं वाढलंय."

"म्हंजी लई मुंग्या मारल्या," असं म्हणत तात्यांनी दिवा पुढे ओढला, आणि काडी ओढण्याआधी एकदा दारातून रस्त्याकडे बघून घेतलं.