शेवाळे अण्णांची दोन टिंबं

"बहिशाल नाही. बहिःशाल. दोन टिंबं आहेत त्याला, ती काही शोभेला दिलेली नाहीत."

शेवाळे अण्णांकडून हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या विद्यापीठ केंद्रात सापडायचा नाही. पोस्टमन, व्याख्याते, तपासणीला आलेले साहेब, सगळ्यांना अण्णांनी टेबलासमोर उभं करून 'ह' म्हणायला लावलं होतं. त्या साहेबांना तर तीनदा.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या त्या केंद्रात टंकलेखिका होते आणि अण्णा समोरच्या टेबलावरचे कारकून. आमचा विभाग बहिःशाल. कॉलेजात जाता आलं नाही अशांसाठी दर गुरुवारी व्याख्यान, कधी गाणं, कधी चित्रांचं प्रदर्शन. "बहिः म्हणजे बाहेर. जे शाळेच्या बाहेर राहिले, त्यांच्यासाठी," असं अण्णा समजावून सांगत. त्यांचं काम पत्रव्यवहाराचं, पण जीव फाटकाजवळच्या काळ्या फळ्यात. सोमवारी सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, मग ठाशीव अक्षरात 'आगामी कार्यक्रम' लिहायचं. विसर्गाची टिंबं सर्वांत शेवटी, पिवळ्या खडूने. एकदा मी त्या पिवळ्या खडूने चहाचा हिशोब लिहिला, तर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कमी नव्हते. त्यांना येताना पाहिलं की मी मुद्दाम 'बहिशाल' म्हणायचे.

अडचण एकच होती. ऐकायला कुणी येत नसे. सहा-सात डोकी, त्यांत दोन शिपाई आणि एक मी. अण्णा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत, म्हणजे व्याख्यात्याला वाईट वाटू नये. शेवटी आमचे प्रमुख जोशी सर म्हणाले, "अण्णा, या गुरुवारीही हॉल रिकामा राहिला तर मालिका बंद करू. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा नाही." अण्णा उठले. बाहेर जाऊन त्यांनी फळा पुसला आणि तेच सगळं थोड्या मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं.

पाहुण्यांसाठी हार आणायच्या त्या मखमलाबादच्या ताराबाई. घरचा फुलांचा मळा, आणि साक्षरता वर्गात नुकतंच वाचायला शिकलेल्या. त्या दिवशी मागच्या हारांचे पैसे न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, फाटकावर ती बहिणशाळा लिवलीय, ती आमच्यासारख्या बायांची हाय का?"

मी टाइपरायटरवरचा हात थांबवला. आता ताराबाईंना तासभर विसर्ग शिकावा लागणार, याची मला खात्री होती.

अण्णांनी हातातलं पत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "हो. तुमचीच. गुरुवारी साडेपाचला या. डॉक्टरीणबाई कंबरदुखीवर बोलणार आहेत."

गुरुवारी ताराबाई बाजार उरकून आल्या, बरोबर पंधरा-वीस बाया. पण व्हरांड्यातच थांबल्या. आतली चकचकीत फरशी बघून कुणी पाऊल उचलेना.

"आमी हितूनच आइकतो," ताराबाई म्हणाल्या. "पाय लय मातीचे हायेत."

अण्णा पहिल्या रांगेतून उठून दारात आले. "आत या," ते म्हणाले. "बाहेर उभं राहून ऐकायचं नाही. कुणीच नाही." एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताराबाई शहाणी बाई. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची पाटी कोपऱ्यात ठेवली आणि आत गेल्या. मागून सगळ्या.

डॉक्टरीणबाईंना तासभर बायांनी सोडलं नाही. अण्णांची खुर्ची एका आजींनी घेतली होती, ते दाराशी उभे होते.

खुर्च्या आवरताना मी विचारलं, "अण्णा, मघाशी काय झालं?"

"आक्का आठवली," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. नांदगावकडच्या आमच्या गावात मला बोटाला धरून शाळेत पोचवायची आणि खिडकीचे गज धरून बाहेर उभी राहायची. पाढे तिने तिथेच पाठ केले. मी अडलो की ओठ हलवून सांगायची. गुरुजी म्हणाले, हिचं नाव घाला. वडील म्हणाले, मग गुरं कोण राखणार?"

"आता कुठे असतात त्या?"

"आता ती नाही. मी इथे लागलो तेव्हापासून म्हणायची, तुझी ती शाळा एकदा आतून दाखव. मी म्हणायचो, पुढच्या गुरुवारी." अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सहा वर्षं म्हणत होतो."

मुद्दाम म्हटलेले सगळे 'बहिशाल' मला आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

मालिका चालू राहिली. सोमवारी अण्णा नेहमीसारखे फळ्याशी उभे होते. जोशी सर फाटकातून आत येताना थबकले. फळ्यावर चक्क 'बहिणशाळा' लिहिलेलं, त्यातला 'ण' पिवळ्या खडूचा.

"अण्णा, तुमच्याकडून चूक? आणि टिंबं कुठे गेली?"

"पुसली, सर," अण्णा म्हणाले, आणि खाली वाकून लिहीत राहिले. तिथे दर वेळी 'सर्वांना निमंत्रण' असायचं. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'आत यावे.'