मुहूर्ताचा स्कॅन

अहवाल वाचून रत्नाकर मटकन खुर्चीत बसला. कर्मचाऱ्यांच्या अंगावर किती किरण पडले, ते छातीवरच्या बॅजवरून कळतं. दर तिमाहीला ते तपासायला जातात. या खेपेला अकराच्या अकरा जणांचे आकडे आभाळाला टेकले होते.

चोवीस वर्षं अणुवीज केंद्रात काढलेला हा इंजिनिअर नुकताच राजाजीनगरच्या एका रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी झाला होता. पन्नाशीत परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी अजून कायम व्हायची होती. पण केंद्रातली शिस्त अंगात मुरलेली. त्यानं तासाभरात स्कॅन विभागाला कुलूप ठोकलं आणि सगळ्यांना रक्त तपासायला पिटाळलं.

"मला काय झालंय सर?" ज्येष्ठ तंत्रज्ञ हणमंतराव कुरकुरले. "सुईची भीती आहे मला. स्वल्प थांबू की."

"किरण विचारून येत नाहीत, हणमंतराव. चला."

दुपारी संचालिका डॉक्टर हेमलता अहवाल घेऊन आल्या. "भाग्यलक्ष्मीचाही डोस जास्त? ती तर तीन महिने रजेवर आहे."

रत्नाकरनं मनातल्या मनात तारखा ताडून पाहिल्या. सगळे बॅज एकत्र आले होते ते फक्त दसऱ्याच्या आयुधपूजेला, यंत्रांची पूजा झाली तेव्हा. या नोकरीनं आपल्याला पदरात घेतलं म्हणून भरून येऊन त्यानंच ते गोळा केले, हळदकुंकू वाहिलं आणि नारळासकट ताट स्कॅनच्या टेबलावर ठेवलं. मग त्या ताटावरच मुहूर्ताचा स्कॅन. बटणही त्यानंच दाबलं होतं.

त्यानं काही लपवलं नाही. "चूक माझी, मॅडम. राजीनामा देतो."

"द्या," हेमलता म्हणाल्या. "शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत."

तो कागद लिहीत असतानाच प्रयोगशाळेचा फोन आला. हणमंतरावांचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. पोटातला अल्सर कधीचा आतल्या आत वाहत होता. त्यांना तिथल्या तिथे दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हेमलतांनी राजीनामा परत दिला. "खरं काय घडलं ते वर कळवा आणि कामाला लागा. पूजेचं ताट मात्र तुमच्या हातात दिसता कामा नये."

रत्नाकरला इतकी गोड बोलणी आयुष्यात कुणी खाल्ली नसतील असं वाटलं. तेवढ्यात हणमंतरावांची बायको, मथुराक्का, दारात हात जोडून उभी राहिली. "तीस वर्षांत यांनी कुणाला रक्ताचा थेंब काढू दिला नव्हता. तुमच्यामुळं वाचले बघा."

"अक्का, चूक झाली होती हो माझी," रत्नाकर संकोचून म्हणाला.

"असू दे की. वर्षाला एकदा करत जावा."